नकाशातले आरमार

'आरमार' हा शब्द आपण इतक्या अभिमानाने उच्चारतो की, तो मूळचा आपला नव्हे असे कोणी म्हटले तर क्षणभर राग येतो. पण तो पोर्तुगीजांकडून आला हे खरे आहे. त्यांचा 'अर्मादा' कोकणच्या किनाऱ्यावर मराठी कोळ्या-भंडाऱ्यांच्या तोंडी रुळला आणि त्याचा 'आरमार' झाला. ज्यांच्या गलबतांच्या शिडांकडे धास्तीने पाहावे लागे, त्यांच्याच शब्दाने आपण पुढे आपल्या गलबतांना हाक मारू लागलो. भाषेला असल्या गोष्टींचा संकोच वाटत नाही. वाटला तर तो आपल्यासारख्या वाचणाऱ्यांना वाटतो.

हाच शब्द युरोपच्या इतिहासात एका विशिष्ट आरमाराचे विशेषनाम होऊन बसला आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५८८ साली इंग्लंडवर पाठवलेले सुमारे १३० जहाजांचे ते आरमार. त्याच्या आगमनाचे जे नकाशे इंग्रजांनी काढून ठेवले, ते पाहण्याचा योग मला आला. अर्थात छापील प्रतिकृतींतून. लंडनला जाऊन मूळ कागद पाहावेत असा योग आमच्या श्रेणीतील नोकरांच्या प्रवासभत्त्यात बसत नाही.

रॉबर्ट अॅडम्स नावाच्या राणीच्या बांधकाम खात्यातील माणसाने ते आखले आणि ऑगस्टिन रायथर याने १५९० साली ताम्रपटावर कोरून छापले. वर इंग्लंडचा दक्षिण किनारा, त्यावर लहान लहान टेकड्या नि गावे, खाली फ्रान्स, आणि मधल्या खाडीत तांदळाच्या दाण्यांएवढी जहाजे. स्पेनचे आरमार चंद्रकोरीच्या आकारात चालले आहे. कोरीची दोन्ही टोके मागे वळलेली, पाठलाग करणाऱ्याला पोटात घेण्यासाठी. पाहणाऱ्याला प्रथम गोंधळात पाडणारी गोष्ट अशी की, एकाच कागदावर तीच चंद्रकोर दोनदा, कोठे त्याहून अधिक वेळा दिसते. आरंभी वाटते, इतकी आरमारे आली होती की काय! मग ध्यानात येते की हे एकच आरमार आहे. सकाळी येथे होते, दुपारी तेथे आले, रात्री पलीकडे गेले. काळ दाखवण्याची दुसरी सोय नसल्यामुळे चित्रकाराने काळाला पाण्यावर पसरून ठेवले आहे. आपल्याकडे चित्रकथी जसा एकाच रामाला एका पोथीतून पुढच्या चित्रात आणि तेथून त्याच्याही पुढच्या चित्रात नेतो, तसाच हा प्रकार. फक्त येथे सारी पाने एकमेकांवर ठेवून एकदम दाखवली आहेत.

हे नकाशे पाहताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. त्यांत भीती नाही. १९ जुलै १५८८ रोजी लिझर्ड भूशिराजवळ हे आरमार प्रथम दृष्टीस पडले (स्पॅनिश लोकांच्या पंचांगाने ती २९ जुलै होती, दोन्ही शत्रूंच्या तारखासुद्धा दहा दिवसांनी भांडत होत्या). त्या दिवशी किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर जाळ करून खबर पुढे पोहोचवणाऱ्या माणसाला जे वाटले असेल, त्याचा मागमूस या सुबक रेषांत सापडत नाही. सापडणार कसा? नकाशा काढणाऱ्याला शेवट ठाऊक होता. कॅलेपाशी पेटती जहाजे सोडून आरमाराची फळी फोडली गेली, ग्राव्हलीनला लढाई झाली, आणि उरलेली जहाजे स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालताना वादळात सापडली, हे सर्व घडून गेल्यानंतर तो कागदाजवळ बसला. शत्रू येत आहे असे तो दाखवतो, पण त्याच्या लेखी शत्रू केव्हाच निघून गेला आहे.

या नकाशांचे पुढे जे झाले तेही ऐकण्यासारखे आहे. इंग्रज आरमाराचा सेनापती लॉर्ड हॉवर्ड याने त्यांच्या आधारे दहा भव्य भित्तिपट विणवून घेतले. ते पुढे लॉर्डांच्या सभागृहात टांगले गेले आणि १८३४ च्या आगीत पार्लमेंटच्या इमारतीबरोबर जळाले. सुदैवाने जॉन पाइन नावाच्या कोरणाऱ्याने १७३९ मध्ये त्यांच्या प्रतिकृती छापल्या होत्या, म्हणून ते कसे होते हे कळते. त्याच मोहिमेचे, कोणा अनामिकाच्या हातचे दहा रंगीत नकाशे एका खाजगी संग्रहातून परदेशी विकले जाणार होते. तेव्हा इंग्लंडच्या सरकारने २०२० मध्ये निर्यात थांबवली, लोकांनी वर्गणी दिली, आणि सहा लाख पौंडांना ते २०२१ मध्ये तेथील आरमारी संग्रहालयासाठी घेण्यात आले. सव्वाचारशे वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या शत्रूच्या चित्रासाठी वर्गणी! आपण गणपतीसाठी काढतो तशी.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळावे, तर हा हिशेब उलटा होतो. कोकणच्या बंदरांकडे येणाऱ्या परक्या आरमाराचे नकाशे आहेत, पण ते किनाऱ्यावरून पाहिलेले नाहीत. जहाजावरून पाहिलेले आहेत. १५३८ च्या अखेरीस गोव्याहून एक पोर्तुगीज काफिला दीवच्या वेढ्याच्या मदतीस निघाला. त्यात जोआंव द कास्त्रो नावाचा एक विद्वान सरदार होता. हा पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला. त्याने वाटेतील किनाऱ्याचे वर्णन लिहीत नेले आणि बंदरांची चित्रेही काढली. दाभोळची खाडी त्यात आहे. मुखाशी वाळूचा दांडा कोठे, पाणी किती, नांगर कोठे टाकावा. हे चित्र अॅडम्सच्या चित्राहून जातीनेच वेगळे आहे. अॅडम्सचा नकाशा झालेल्या गोष्टीची आठवण आहे. कास्त्रोचा नकाशा पुढच्या गोष्टीचा बेत आहे. तो पाहून कोणीतरी पुन्हा येणार आहे, आणि येईल तेव्हा वाट विचारणार नाही.

या दुसऱ्या जातीचे सर्वांत बोलके उदाहरण विजयदुर्गाचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

वाघोटण खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाण्याने घेरलेल्या खडकावर विजयदुर्ग उभा आहे. इंग्रज त्याला 'घेरिया' म्हणत. कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत इंग्रजांनी या किल्ल्यावर हात टाकून पाहिला होता आणि तो भाजून घेतला होता. त्यामुळे पुढील काळात मुंबईच्या इंग्रजांत असा समज पक्का झाला की हा किल्ला समुद्राकडून घेताच येणार नाही. जिब्राल्टरशी त्याची तुलना होई. कान्होजींचा पुत्र तुळाजी आंग्रे तेथे नांदत होता. एप्रिल १७५५ मध्ये कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजीचाच सुवर्णदुर्ग घेतला. (जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्या विजयाच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग'. मनोरा आजही उभा आहे. आपल्या हर्णैच्या किल्ल्याचे नाव तेथे नांदते, याचा अभिमान बाळगावा की कसे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.)

त्याच वर्षाच्या अखेरीस हा जेम्स तीन जहाजे घेऊन विजयदुर्गाची टेहळणी करावयास गेला. त्याने जे केले त्यात पराक्रमाचा भाग थोडा आणि कारकुनीचा अधिक होता. म्हणूनच मला त्याचे कौतुक वाटते. दोरीला शिसे बांधून त्याने पाण्याची खोली मापली. कोकणी खलाशी ज्याला 'वाव' म्हणतात, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, त्या हिशेबाने: येथे इतके वाव, तेथे तितके. ते आकडे घेऊन तो मुंबईस परतला आणि त्याने कळवले की, किल्ला ऐकला होता तसा नाही. मोठी जहाजे अगदी जवळ, तोफेच्या थेट माऱ्यात आणून उभी करता येतील इतके पाणी आहे. कित्येक वर्षांची ऐकीव माहिती एका दोरीने निकालात निघाली. आमच्या कचेरीत एखाद्या फायलीवर वर्षानुवर्षे 'असे समजते' म्हणून शेरे पडत राहतात आणि अखेर एखादा नवशिक्या पोरगा उठून प्रत्यक्ष गोदामात जाऊन मोजदाद करून येतो, त्यातलाच हा प्रकार.

विजयदुर्गाच्या आसपास आजही लोक सांगतात की किल्ल्यासमोर समुद्राखाली एक भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत. पाण्याखाली तसे दगडी बांधकाम आढळले असून त्याची शास्त्रज्ञांनी पाहणीही केली आहे. ते कोणी, केव्हा, कशासाठी रचले यावर विद्वानांनी वाद घालावेत. मला दिसते ते एवढेच की, एका बाजूला भिंतीची आख्यायिका होती आणि दुसऱ्या बाजूला वावांचे आकडे होते, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये आकडे जिंकले.

७ फेब्रुवारीस अॅडमिरल वॉटसनचे आरमार मुंबईहून निघाले. केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी ही राजाची मोठी जहाजे, त्यांच्यासोबत कंपनीची जहाजे आणि गरनाळांच्या नावा, आणि जहाजांवर कर्नल क्लाइव्हचे पायदळ. निघण्यापूर्वी मुंबईत बसून त्यांनी लुटीची वाटणी ठरवली होती; कोणत्या हुद्द्याला किती हे लिहून झाले होते. शके १६७७ च्या माघातला शुक्लपक्ष चालू होता. १२ तारखेस दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला आणि त्या वाऱ्यावर जहाजे दोन रांगांनी खाडीत शिरली. एक रांग किल्ल्यासमोर, दुसरी नांगरलेल्या गलबतांसमोर. मोठी जहाजे तटाच्या बाजूस, गरनाळांच्या नावा त्यांच्या आडोशाने. जेम्सच्या आकड्यांनी जागा आधीच आखून दिल्या होत्या. दुपार उलटल्यावर एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे कंपनीचेच. आंग्र्यांनी ते पूर्वी धरून आणले होते. ते पेटले, त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली, गुराबांची गलबतांना, आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे आरमार जळून संपले. १३ तारखेस किल्ला पडला. आत सुमारे दहा लाखांची लूट सापडली आणि ती ठरल्याप्रमाणे वाटली गेली.

डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने १७७१ मध्ये या प्रसंगाचे तैलचित्र रंगवले. ते ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. इंग्रज जहाजांच्या रांगा, तोफांचा धूर, जळणारी गलबते, किल्ला. चित्र उत्तम आहे, आणि ते पाहताना मराठी माणसाची एक चमत्कारिक अवस्था होते. चित्रकार आपल्याला जहाजांच्या बाजूने समुद्रावर उभे करतो. जे आरमार आपल्यावर चालून आले, त्याच्या पाठीशी उभे राहून आपण आपला किल्ला पाहतो. अॅडम्सच्या नकाशात इंग्रज वाचक आपल्या किनाऱ्यावर उभा असतो. आपल्याला आपला किनारा पाहायचा तर शत्रूच्या जहाजावर चढावे लागते.

पण खरी अडचण याच्याही पुढे आहे. 'आपला किल्ला' आणि 'शत्रूचे आरमार' असे म्हणून झाल्यावर लक्षात येते की त्या दिवशी किल्ल्याच्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूस, आणखी एक फौज उभी होती; आणि ती पेशव्यांची होती. तुळाजी पुण्याचे ऐकत नव्हता, कोकणातील इतर सरदारांना त्याचा जाच होता. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकरांशी करार केला: समुद्रावरून तुम्ही, जमिनीवरून आम्ही. इंग्रजांचे आरमार वाट चुकून आले नव्हते. ते आमंत्रणावरून आले होते. तुळाजी लढाईपूर्वीच किल्ला आप्तांच्या हाती ठेवून पेशव्यांच्या छावणीत बोलणी करावयास गेला होता. किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन होणार अशी कुणकुण वॉटसनला लागली, तेव्हा १२ च्या रात्री क्लाइव्ह पायदळासह उतरला आणि किल्ला व पेशव्यांची फौज यांच्या मध्ये जाऊन बसला. म्हणजे त्या रात्री क्लाइव्हच्या लेखी अडवण्याजोगे जे कोणी होते, ते त्याचे दोस्तच होते.

हे सारे समुद्राच्या बाजूने काढलेल्या चित्रात येत नाही. ते येते कागदांत. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. असले कागद वाचताना दिसते की आपली माणसे आरमाराची चित्रे काढीत नसत, पत्रे लिहीत. कोण कोठे उतरला, कोणी कोणास काय निरोप धाडला, कोणाचा कोणावर भरवसा उरला नाही, कोणाला दाणागोटा हवा, कोणाचा पगार थकला. पत्रात वाव नसतात, पण वैर आणि लोभ असतात. मी स्वतः पत्रव्यवहारावर पोट भरणारा असल्यामुळे पत्रांकडे माझा ओढा असणे साहजिक आहे. तरीही कबूल करावे लागते की, पत्र पाहून जहाज हाकता येत नाही.

उलट बाजूचे एक उदाहरण सांगितले नाही तर अन्याय होईल. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे खांदेरीच्या समुद्रात इंग्रज जहाजांवर एक आरमार चालून आले, ते शिवाजी महाराजांचे होते. दौलतखान चाळीसहून अधिक लहान तारवे घेऊन आला. 'डव्ह' या गुराबेने निशाण उतरवले, आणि 'रिव्हेंज' हे मोठे जहाज मात्र टिकून राहिले. खांदेरी महाराजांकडेच राहिली. त्या पहाटे शत्रूचे आरमार येताना पाहणारे डोळे इंग्रजांचे होते, आणि हा प्रसंग आपण आज इतक्या तपशिलाने जाणतो तो मुंबई आणि सुरत यांच्यामध्ये त्यांनी लिहिलेल्या घाबऱ्या पत्रांमुळे. हरणारी बाजू पत्रे लिहिते आणि जिंकणारी नकाशे काढते, असा नियम करावयाचा मोह होतो. पण महाराजांनी कोठे नकाशे काढले! तेव्हा तो नियम सोडून देतो.

हे सारे वाचण्याला एक निमित्त झाले होते. येथे भिलाईत आम्ही मराठी मंडळी दरवर्षी १९ फेब्रुवारीस शिवजयंतीनिमित्त मुलांचे एक लहानसे प्रदर्शन भरवतो. त्या वर्षी विषय 'मराठ्यांचे आरमार' असा ठरला. भिलाईहून समुद्र कोणत्याही बाजूस शेकडो किलोमीटर दूर. येथील कित्येक मुलांनी तो पाहिलेलाही नाही. तरी विषयाला सर्वांनी आनंदाने मान डोलावली, त्याचे कारण घरचेच होते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका नौदलात दाखल झाली. तिला लागलेले सुमारे ३०,००० टन खास पोलाद 'सेल'ने भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांतून पुरवले होते. त्याच समारंभात नौदलाचे नवे निशाण फडकले, आणि त्यावरील अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला होता. ज्या गावात त्या जहाजाचे पत्रे लाटले गेले, त्या गावाने आरमार आपले मानावे यात नवल नाही.

माझ्या मुलाने विजयदुर्ग निवडला. सेक्टर ६ मधील आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ड्रॉइंगचा मोठा कागद पसरून त्याने किल्ला भगवा रंगवला, इंग्रज जहाजे लाल रंगवली, आणि रंगाचा ब्रश हातात तसाच धरून विचारले, "बाबा, पेशव्यांच्या फौजेला कोणता रंग देऊ?"

मी तो प्रश्न तयारीच्या बैठकीत नेला. तेथे त्यावर सुमारे तासभर चर्चा झाली आणि चहा दोनदा निवला. एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांचे म्हणणे, "अहो, शिवजयंतीला हा पराभव हवाच कशाला? सिंधुदुर्ग काढा, खांदेरी काढा." दुसरे म्हणाले, "तुळाजीला इंग्रज चाचा म्हणत. आपण पेशव्यांना इंग्रजांच्या रांगेत उभे केले, तर लोक कोणाला चाचा म्हणतील?" तिसऱ्यांनी नानासाहेबांची बाजू घेतली: घरातला बेबंद भाऊ आवरायला शेजाऱ्याची मदत घेतली, यात गैर काय? किल्ला तर ऑक्टोबर १७५६ च्या तहाने परत मिळालाच. यावर कोणीतरी म्हणाले, "किल्ला मिळाला. गलबते?" आणि बैठक थोडा वेळ गप्प झाली.

माझे मत मी तेथे मांडले, येथेही मांडतो. नानासाहेबांना तुळाजी नको होता, पण आरमार हवे होते. आणि आग असा भेद करीत नाही. पुढे पेशव्यांचे आरमार विजयदुर्गास पुन्हा उभे राहिले, आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' पकडलेही. तेव्हा त्या एका दुपारी सारे संपले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि मुंबईच्या इंग्रजांना जी दहशत पन्नास वर्षे वाटत होती, ती त्या दुपारी गेली; आणि तेच आरमार तसेच पुढे बंगालकडे गेले, वर्षभरात कलकत्ता परत घेऊन प्लासीपर्यंत पोहोचले. हे नकाशात दाखवायचे नसेल तर नकाशा काढू नये.

बंगालचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुलाचे चित्र पाहावयास शेजारच्या बंगाली वहिनी आल्या होत्या. मी मोठ्या उत्साहाने त्यांना शत्रूचे आरमार कसे आले ते समजावून देत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हसत म्हणाल्या, "आमच्याकडे मुले झोपत नसली की तुमची भीती घालतात." १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या, आणि तेथील अंगाईत 'बर्गी' अजून येतात, हे मी वाचले होते, पण शेजारणीच्या तोंडून ऐकताना ते निराळे वाटले. जुन्या कलकत्त्याच्या नकाशांवर शहराला वेढणारी एक रेघ असते. तिचे नाव 'मराठा खंदक'. १७४२ मध्ये आपल्या भयाने तो खणावयास घेतला, अर्धवट खणला, आणि आपण कलकत्त्यापर्यंत गेलोच नाही. न आलेल्या शत्रूचा इतका मोठा नकाशा दुसरा नसेल.

आमच्या कचेरीतील एक छत्तीसगढी सहकारी त्याहून जवळचे बोलले. ते म्हणाले की, रतनपूरच्या इतिहासाचा नकाशा काढला तर बाण नागपूरकडून येईल. खरेच आहे. १७४१ मध्ये भोसल्यांचा सरदार भास्करराम याच वाटेने रतनपूरवर आला. पुढे बिंबाजी भोसले तेथे राहून राज्य करू लागले. आज आपण ज्या मुलखात बदलीवर आलो आहोत, तेथे आपले पूर्वज आधी येऊन गेले आहेत, आणि त्यांच्याजवळ बदलीचा हुकूम नव्हता.

अखेर मुलाने तोडगा काढला. तो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. पेशव्यांच्या फौजेला त्याने किल्ल्याचाच भगवा रंग दिला आणि तिच्या पुढे किल्ल्याच्या दिशेने एक बाण काढला. खाली रंगांची सूची लिहिताना 'आपले' आणि 'शत्रू' हे शब्द न लिहिता 'आंग्रे', 'पेशवे', 'इंग्रज' असे लिहिले. जळणाऱ्या गलबतांना मात्र त्याने मनापासून पिवळा नि केशरी रंग फासला होता. त्या कोपऱ्यात कागद ओला होऊन फुगला होता.

प्रदर्शनात लोक येत होते, पाहून पुढे जात होते. पत्र्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा चश्मा वर-खाली करीत बराच वेळ त्या कागदासमोर थांबले. मला वाटले, पेशव्यांच्या रंगावरून आता पुन्हा वाद होणार. त्यांनी मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, "बाळा, यात गिर्ये कुठे आहे?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी जागा दाखवली. किल्ल्यापासून खाडीने थोडे आत, जेथे आंग्र्यांची जहाजे दुरुस्तीसाठी गोदीत ओढून घेत. मुलाने खिशातून पेन्सिल काढून तेथे एक ठिपका दिला आणि शेजारी बारीक अक्षरांत नाव लिहिले. आजोबा म्हणाले, "माझे आजोळ तिथले. लहानपणी त्या गोदीत आम्ही खेकडे पकडायचो."